रिकामे चार महिने

मी शाळेत होते तेव्हा कराडला ऑक्टोबर हा नापासांचा महिना होता. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये व्हायची, आणि तिथे ज्यांचा एखादा विषय राहायचा ते ऑक्टोबरला बसायचे. पुढे बऱ्याच वर्षांनी ही फेरपरीक्षा जुलैत आली आणि मुलांचं वर्ष वाचायला लागलं. आमच्या वेळी मात्र ऑक्टोबरला सुटलं तरी पुढच्या जूनपर्यंत घरीच. माझा एक चुलतभाऊ असा गणितात अडकला होता. नापास झाल्याचं त्याला फार वाटलं नाही, निदान दिसलं तरी नाही. तो कातावला तो मधल्या महिन्यांत. "रिकामाच आहेस ना?" एवढं विचारलं की त्याला कुणीही कुठंही पाठवावं. गॅसच्या नंबराला उभं राहा, आजोबांना दवाखान्यात ने, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका उंब्रजला पोचव, गुऱ्हाळावर बसून हिशेब लिही. तो घरातला सगळ्यात कामात असलेला माणूस होता आणि सगळं घर त्याला रिकामा म्हणत होतं.

हा भाऊ मला इतक्या वर्षांनी आठवला तो आईमुळे. लेकीच्या कॉलेजची बातमी सांगायला मी फोन केला होता. आमचं घर न्यू जर्सीत, एडिसनजवळ. न्यू इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने तिला घेतलं होतं, तिला सगळ्यात आवडलेल्या विद्यापीठाने, पण ऑगस्टपासून नव्हे, जानेवारीपासून. स्प्रिंग अ‍ॅडमिशन. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ऑक्टोबरवाली बॅच का गं?"

"नाही गं, पास झालीय ती. चांगल्या मार्कांनी."

"मग आत्ताच का घेत नाहीत?"

कॉलेजच्या पत्रात याचं उत्तर नव्हतं. पत्र फार गोड होतं. आमच्या समित्यांना तुझ्यात काहीतरी वेगळं दिसलं, तू स्वतंत्र वृत्तीची आहेस, या मधल्या काळाचं तू सोनं करशील, वगैरे. मला असल्या गोडव्याचा जरा संशयच येतो. स्थळाला नकार देताना मुलीचे गुण सांगतात तसला तो सूर होता, फक्त इथे नकारही नव्हता. वेटलिस्ट म्हणजे "बघू"; हे "बघू"सुद्धा नव्हतं. जागा पक्की, नाव पक्कं, फक्त दार जानेवारीत उघडणार.

मग मी आपल्या परीने शोध घेतला. कारण निघालं ते अगदी घरगुती हिशेबाचं. अमेरिकन कॉलेजात ऑगस्ट-सप्टेंबरला जेवढी मुलं असतात तेवढी जानेवारीत नसतात. काही जण डिसेंबरात पदवी घेऊन बाहेर पडतात. तिसऱ्या वर्षाची बरीच मुलं स्प्रिंगला परदेशात एक सत्र करायला जातात. पहिल्या वर्षातली काही पहिल्याच सत्रानंतर गळतात. म्हणजे वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या, मेसची ताटं रिकामी, आणि त्यांचा खर्च तर चालूच. ज्यांचा संसार फीवर चालतो त्यांना हे परवडत नाही. म्हणून आधीपासूनच थोडी मुलं जानेवारीसाठी बाजूला काढून ठेवायची.

दुसरं कारण कॉलेजं स्वतःहून सांगत नाहीत, पण ते लपलेलंही नाही. सरकारकडे जाणारी नव्या विद्यार्थ्यांची आकडेवारी मुख्यतः फॉलची, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या सत्राची असते. किती अर्ज आले, किती घेतले, आलेल्यांचे एसएटी या प्रवेशपरीक्षेतले गुण काय, पुढे किती जण वेळेत पदवीधर झाले, हे मोजायला जी तुकडी धरतात ती फॉलला आलेल्यांची. जानेवारीत येणारं मूल या मापात सहसा येत नाही. कॉलेज निवडक दिसायचं तेवढं दिसतं आणि खोलीही भरते. प्रत्येक कॉलेज हे याच हेतूने करतं असा माझा दावा नाही. पण सोयीचं आहे हे कोण नाकारील?

हे कळल्यावर मला बरं वाटलं, हे आधी कबूल करते. कारण घरात तोवर "हिच्यात काय कमी पडलं" याची चिकित्सा सुरू झाली होती. निबंधात की मुलाखतीत, का अकरावीतल्या त्या एका बी-प्लसमुळे? खोल्यांचा हिशेब समजल्यावर ही चिकित्सा थांबली. लेकीला मात्र बरं वाटलं नाही. ती म्हणाली, "आई, म्हणजे मी कुणाच्या तरी रिकाम्या पलंगावर झोपायला चाललेय." यावर काय बोलायचं? चाललीच होती ती.

सगळीकडे याची इतकी लाज धरत नाहीत, हेही वाचनात आलं. व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजात १९७० च्या दशकापासून अशी फेब्रुवारीची तुकडी येते. साधारण शंभर मुलं, त्यांना सगळे 'फेब' म्हणतात आणि ती स्वतःही म्हणवून घेतात. चार वर्षांनी त्यांचा पदवीदान समारंभही फेब्रुवारीतच होतो आणि त्या दिवशी गाऊन-टोप्या घालून ती कॉलेजच्याच स्नो बोल नावाच्या डोंगरउतारावरून स्की करत खाली येतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने वेगळी वाट काढली: स्प्रिंगला घेतलेल्या मुलांना फॉलमध्ये विद्यापीठाच्याच एक्सटेन्शन विभागात छोट्या वर्गांत शिकता यावं अशी सोय केली. बोस्टनचं नॉर्थईस्टर्न पहिलं सत्र परदेशात काढायला पाठवतं. म्हणजे एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कॉलेज म्हणतं जा बाहेर, जग बघ. दुसरीत म्हणतं इथेच बस, पण जरा बाजूला. तिसरीत बाहेर पाठवतं आणि शुल्कही घेतं. आमचं पत्र पहिल्या प्रकारातलं होतं. चार महिने तुझे, आम्ही काही विचारणार नाही.

दुसऱ्या बाजूला रट्गर्स होतं, न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ; तिथेही तिला घेतलं होतं. न्यू जर्सीतल्या देशी घरांत रट्गर्सचं स्थान काय आहे हे इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. प्रत्येकाचा कुणीतरी तिथे शिकलेला, प्रत्येकाची रट्गर्सवर भिस्त, आणि तरी प्रत्येकाला "रट्गर्सला गेली" हे वाक्य किंचित खालच्या पट्टीत म्हणायची खोड. मला हा प्रकार आवडत नाही. उत्तम विद्यापीठ आहे, पर्यावरणशास्त्र तिथे चांगलं आहे, लेकीला तेच करायचंय. राज्यातल्या मुलांना फी बाहेरच्यांच्या निम्म्याहून कमी पडते. घरापासून गाडीने जेमतेम वीस मिनिटं. आणि प्रवेश फॉलचा, सगळ्यांबरोबर.

माझा नवरा पहिल्या दिवसापासून रट्गर्सच्या बाजूने होता आणि त्याचं कारण पैसे हे नव्हतं. तो स्वतः एमएसला जानेवारीत आला होता. येऊन बघतो तर सगळं वाटून झालेलं. असिस्टंटशिपा ऑगस्टमध्येच दिलेल्या, खोल्यांचे गट जमलेले, स्वयंपाकाच्या पाळ्या ठरलेल्या, प्राध्यापकांना चेहरे माहीत झालेले. पहिल्या उन्हाळ्यात बरोबरचे इंटर्नशिपला गेले आणि हा राहिला, कारण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर बाहेर काम करायचं तर साधारणपणे आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष व्हावं लागतं आणि याचं एकच सत्र झालेलं. "चालत्या गाडीत चढणाऱ्याला बसायला जागा मिळत नाही," असं तो म्हणतो, आणि हे त्याने आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं सविस्तर सांगितलं. लेक इथलीच नागरिक, तिला व्हिसाचा प्रश्न नाही. पण बाकीचं तिलाही लागू होतंच की.

पुण्यातल्या भाच्याचं उदाहरणही त्याच सुमारास घडत होतं. त्याला एमएसचा प्रवेश फॉलचा होता, पण व्हिसाच्या मुलाखतीची तारीख वेळेत मिळेना, म्हणून विद्यापीठाने त्याला जानेवारीची नवी आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद, दिली. त्याला तर सत्र सुरू होण्याच्या तीस दिवस आधीपर्यंत इकडे पाऊलही टाकता येणार नव्हतं. नोकरीचा राजीनामा देऊन झालेला, कर्ज मंजूर झालेलं, निरोपाच्या पार्ट्या झालेल्या. तो सोसायटीच्या लिफ्टमधून जायचं टाळतो असं वहिनी म्हणाली, कारण भेटेल तो विचारतो, "अरे, अजून गेला नाहीस?" मी हसले, पण हसण्यासारखं नाही ते. त्याच्यापुढे निवड नव्हती. आमच्यापुढे होती, आणि १ मेपर्यंत करायची होती. इथे बहुतेक कॉलेजांना त्या तारखेच्या आत डिपॉझिट भरून होकार कळवायचा असतो.

नवऱ्याने मधला मार्ग सुचवला: दोन्हीकडे डिपॉझिट भरू, ऑगस्टपर्यंत बघू. बरेच जण करतात. शाळेच्या समुपदेशक बाईंना विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की हे नियमात बसत नाही, एका वेळी एकाच ठिकाणी होकार द्यायचा असतो, आणि तुम्ही अडवलेली ती दुसरी जागा कुणीतरी वेटलिस्टवर बसून बघत असतं. विषय तिथेच संपला.

मग आम्ही त्या जानेवारीवाल्या कॉलेजला फोन केले. गोड पत्राच्या खालचे प्रश्न विचारायचे तर ते फोनवरच. रसायनशास्त्राचा पहिला भाग फॉलमध्ये सुरू होतो आणि दुसरा स्प्रिंगमध्ये, मग ही जानेवारीत येऊन कुठे बसणार? उत्तर मिळालं की पहिला भाग बाहेर करून या, आधी आमची मंजुरी घ्या. बाहेर किती विषय करता येतील? थोडेच, दुसरीकडे पदवीसाठी पूर्णवेळ नाव घातलं तर हा प्रवेश रद्द. आर्थिक मदत? जानेवारीपासून. मधल्या काळात काउंटी कॉलेजात, म्हणजे घराजवळच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, सुटे विषय घेतले तर सरकारी मदत नाही, कारण ती पदवीसाठी नाव घातलेल्यांनाच मिळते. ते पैसे आपले आपण भरायचे. खोली? मिळेल, कुठली ते डिसेंबरात कळेल. पुढे मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलून इंजिनिअरिंगला जायचं झालं तर? ते फॉलच्या मुलांनाच कठीण आहे. फोनवरची मुलगी प्रामाणिक होती. तिने एक गोष्ट न विचारता सांगितली, की पहिले सहा आठवडे एकटं वाटतं, नंतर जानेवारीची मुलंच एकमेकांना धरून राहतात.

एका स्थानिक संस्थेची लहानशी शिष्यवृत्ती लेकीला मिळाली होती. तिच्या अटीत लिहिलेलं होतं की फॉलमध्ये पूर्णवेळ प्रवेश हवा. ती गेली. उलट बाजूला, शाळेत असतानाच देतात त्या कॉलेजच्या पातळीच्या एपी परीक्षांत पाचपैकी चार-पाच गुण पडले तर त्यांच्या क्रेडिटांनी अर्धं आणि बाहेर केलेल्या विषयांनी उरलेलं, असं ते हुकलेलं सत्र भरून निघत होतं, म्हणजे आठऐवजी सातच सत्रांची फी भरून ती आपल्या वर्गाबरोबर बाहेर पडू शकत होती. नवऱ्याने हे एक्सेलमध्ये मांडलं. मांडल्यावर दोन्ही रकाने वाटले होते त्यापेक्षा जवळ आले, तरी रट्गर्सचा लहानच राहिला.

इथपर्यंत सगळं हिशेबात बसत होतं. खरी गंमत पुढे सुरू झाली.

निर्णय झालेलाही नव्हता आणि लेकीच्या त्या चार महिन्यांना गिऱ्हाईकं यायला लागली. सासूबाई म्हणाल्या, बरंच झालं, दिवाळीला आणि नंतर चुलत नणंदेच्या लग्नाला तिला इकडे पाठवा, दोन महिने राहील. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत शिक्षक कमी होते, तिथून निरोप आला की पहिलीचा वर्ग हिला देऊ या. एका मैत्रिणीचं म्हणणं, आता हिला पायथॉन शिकू दे. धाकट्याला शाळेतून आणणं आणि पोहायला नेणं हे माझ्याच मनात आपोआप तिच्या नावावर टाकलं गेलं होतं; मी ते बोलून दाखवायच्या आधी तिने ओळखलं. आणि नवरा, रट्गर्सवाला नवरा, एका रात्री म्हणाला, जाणारच असेल तर आपल्या ऑफिसात इंटर्नशिपचं विचारतो.

मला तेव्हा उंब्रजला पत्रिका घेऊन निघालेला भाऊ दिसला. आपल्या घरांत मुलाचा वेळ हा शाळेचा असतो, क्लासचा असतो, परीक्षेचा असतो. तो यांपैकी कुणाचाच नसला तर मग तो सगळ्यांचा असतो. मुलाचा स्वतःचा असू शकतो, हे खातंच नाही. तीसेक वर्षं अमेरिकेत राहून, मुलांना स्वतंत्र खोल्या देऊन, दार ठोठावून आत जायची सवय लावून घेऊनसुद्धा हे खातं आमच्या वहीत आलेलं नव्हतं. "वर्ष वाया जाईल" ही आमची पिढीजात भीती आहे, आणि तिला कारणंही आहेत. ज्यांच्या घरी पहिल्यांदा कुणी शिकलं त्यांना वर्ष वाया घालवणं परवडणारं नव्हतं. माझ्या वडिलांना नव्हतंच. पण त्या भीतीचा एक तोटा असा की रिकामा वेळ दिसला की तो लगेच कशाने तरी बुजवायचा. त्या कॉलेजने रिकाम्या खोल्या भरल्या, आम्ही रिकामे महिने भरायला निघालो होतो. फार फरक नव्हता.

म्हणून मी तिला विचारलं, तुला काय करायचंय? उत्तर तयार होतं. कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला केप मे आहे. गार्डन स्टेट पार्कवे जिथे संपतो, शून्य मैलाचा दगड जिथे आहे, तिथे. शरद ऋतूत उत्तरेकडून निघालेले शिकारी पक्षी किनाऱ्याकिनाऱ्याने खाली येतात आणि या टोकाशी अडतात, कारण पुढे डेलावेअरच्या खाडीचं रुंद पाणी असतं. वायव्येचा वारा सुटला की तर रीघ लागते. दीपगृहाजवळ एक लाकडी मचाण आहे. तिथे १९७६ पासून दर वर्षी १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर रोज माणसं उभी राहून पक्षी मोजतात. शिकऱ्याच्या कुळातले, घारीच्या कुळातले, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बहिरी ससाणे. खाली झुडपांवर त्याच दिवसांत मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं. आम्ही लहानपणी तिला एकदा-दोनदा शनिवार-रविवारी नेलं होतं, तेव्हा ती शाळेसाठी रडत परत आली होती; म्हणजे शाळेत जायचं म्हणून रडत.

तिचं म्हणणं सोपं होतं. हे फक्त शरदात होतं. शरदात मी बालवाडीपासून वर्गात बसलेली आहे. आता चार वर्षं कॉलेज, मग पुढचं शिक्षण, मग नोकरी. सप्टेंबर ते नोव्हेंबर मोकळे असा काळ पुन्हा कधी येईल, सांग. मला पगार नको, मी तिथे मदतनीस म्हणून विचारलंय, ते हो म्हणतील किंवा नाही. नाही म्हणाले तर मी नुसती जाऊन उभी राहीन. आणि हो, सोमवार ते बुधवार मिडलसेक्स या इथल्या काउंटी कॉलेजात रसायन आणि संख्याशास्त्र, ते मी बघून ठेवलंय. धाकट्याला बुधवारी मी आणीन. फक्त बुधवारी.

नवरा म्हणाला, "आणि पहिले सहा आठवडे एकटं वाटेल त्याचं काय?"

ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला वाटलं होतं ना? मग तुम्हाला फोन करीन."

तो काही बोलला नाही. पण नंतर दोन दिवस तो जानेवारीत पहिल्यांदा बर्फात पडल्याच्या, कुणाच्या तरी खोलीत जमिनीवर झोपल्याच्या गोष्टी आपणहून सांगत होता, आणि त्या मला माहीत होत्या तितक्या वाईट नव्हत्या.

त्याचं मत अजूनही रट्गर्सच आहे, हे इथे नोंदवते. पैशाच्या दृष्टीने त्याचं बरोबर आहे. आणि लेकीने "मला काही सुचलेलं नाही, बघू" असं उत्तर दिलं असतं तर मीही त्याच्याच बाजूला गेले असते. घरात बसून मैत्रिणींचे वसतिगृहातले फोटो बघत चार महिने काढणं मला कुणाच्याच वाट्याला नको वाटतं. इंजिनिअरिंग किंवा नर्सिंग करायचं असतं तरी मी नको म्हटलं असतं, तिथे विषयांची साखळी फार घट्ट असते. कर्ज काढावं लागणार असतं तर हा लेखच लिहिला नसता.

एप्रिल संपताना तिने होकार कळवला. रट्गर्सच्या पोर्टलवर नकाराचं बटण दाबायला मात्र तिला वेळ लागला. मी शेजारी होते, पण बोलले नाही. सासूबाईंना दिवाळीचं नाही म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या थोड्या रुसल्या, मग लग्नाचे फोटो पाठवते म्हणाल्या. आईला मी पुन्हा फोन केला. ऑक्टोबरात ती घारी मोजणार आहे हे ऐकून आई एवढंच म्हणाली की मोजून झाल्या की किती होत्या ते मला कळव.

सध्या घरात वाद चालू आहे तो वेगळाच. केप मेला जायला गाडीने दोन तास लागतात, अठरा वर्षांच्या मुलीचं नाव गाडीच्या इन्शुरन्समध्ये घातलं की हप्ता किती वाढतो ते एजंटने काल कळवलं, आणि नवऱ्याने एक्सेलची ती फाईल पुन्हा उघडली आहे.